विड्याच्या पानाचा देठ

उष्टावण झालं त्याला आठवडा झाला होता. नोव्हेंबर २०१९. लेक सात महिन्यांची. इंदूरच्या रामबागेतल्या आईच्या घरी मामाने चांदीच्या वाटीतली खीर चाटवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही हौसेने मऊ भात, डाळीचं पाणी, केळं सुरू केलं. पाचव्या-सहाव्या दिवशी पोट टम्म. चार दिवस शी नाही. रडून रडून बेंबी वर आलेली. बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, त्यांनी पोटावर बोटं वाजवून पाहिली, सिरप लिहून दिलं, तीनशे रुपये घेतले. डायपर उघडलं नाही. मीही उघडून दाखवलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

दोन दिवस सिरपची वाट पाहिल्यावर आई म्हणाली, देठ लावू. आमच्याकडे ज्यांची मुलं कधी अडली असतील त्यांना माहीत आहे. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवायचा, हलकेच आत सरकवायचा, पाच मिनिटांत बाळ मोकळं होतं. मी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून दोन पानं आणली. आईने लेकीला मांडीवर घेतलं, पाय वर धरले आणि देठ हातात घेऊन थांबली. मग चष्मा मागितला. मग म्हणाली, "दिवा लाव गं." मी मोबाईलचा टॉर्च धरला.

जिथे जागा असायला हवी तिथे जागा नव्हती. नुसती कातडी, आणि मधोमध पुसटशी खळी, गालावर असते तशी. देठाचं तेल आईच्या बोटावरून चटईवर टपकत होतं. तेवढ्यात लेकीने जोर केला आणि शी आली, अगदी बारीक, रिफिलमधून निघावी तशी. समोरून. लघवीच्या जागेच्या जरा मागे, जिथून यायला नको तिथून.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दाई म्हणाली होती."

दाई म्हणजे आमच्याकडे मालिशला येणारी बाई. बाळंतीण आणि बाळ, दोघांना न्हाऊमाखू घालायची. पाचव्या दिवशी न्हाणीघरात तिने आईला हळूच सांगितलं होतं, "बाईजी, छोरी की टट्टी की जगह बराबर नी लग री, डॉक्टर को दिखा दो." आईने तिला चहा दिला आणि विषय बदलला. मुलीची जात, कुठे बोभाटा करायचा. शी तर होतेय ना रोज? मला तिने सांगितलंच नाही. सात महिने मी दिवसातून दहादा लंगोट बदलत होते आणि मला दिसलं नव्हतं. पुसायचं पुढून मागे, पावडर लावायची, गुंडाळायचं. तिथे कोण निरखून बघतं? दाईने बघितलं, कारण तिने शेकडो बाळं पाहिलेली. तिच्याकडे शिक्षण नव्हतं, नजर होती.

घरी गेल्यावर मी नर्सिंग होमचं डिस्चार्ज कार्ड काढलं. "शिशु ने मल त्याग किया", त्यापुढे बरोबरची खूण. खोटं नव्हतं. काळी शी झाली होती, पहिल्याच दिवशी. कुठून झाली, असा रकाना त्या कागदावर नव्हता.

पुढे जे कळलं ते इथेच सांगते. साधारण ४ ते ५ हजार जन्मांत एका बाळाला हा दोष असतो. गुदद्वार तयारच होत नाही, किंवा भलत्या ठिकाणी उघडतं. मुलांमध्ये पुष्कळदा वाट लघवीच्या नळीत जाते किंवा नसतेच. दोन-तीन दिवसांत पोट फुगतं, उलट्या होतात, घरच्यांना धावावंच लागतं. मुलींमध्ये मात्र सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार माझ्या लेकीचा. आतड्याचं टोक योनीच्या तोंडाशी, मागच्या कडेला, बारीक छिद्राने उघडतं. याला व्हेस्टिब्युलर फिस्चुला म्हणतात. आईच्या दुधाची शी पातळ, ती त्या छिद्रातून निघून जाते आणि सगळं आलबेल वाटतं. भात-पोळी सुरू झाली की शी घट्ट होते आणि मग ती बारीक वाट पुरत नाही. म्हणजे उष्टावणाच्या खिरीपर्यंत हा दोष लपून बसू शकतो. ओळखायला ना मशीन लागतं ना तपासणी. जन्मल्यावर बाळाचे पाय वर करून उजेडात बघायचं, एवढंच.

पण बघितल्यावर सांगायचं कसं? सासूबाईंना फोन केला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "तिला तिकडे त्रास आहे." तिकडे! मग घरात तोच शब्द झाला. तिकडचं औषध, तिकडचं ऑपरेशन. गुदद्वार हा शब्द पुस्तकात वाचलेला, बोलताना कोणी वापरत नाही; आणि जे बोलताना वापरतात ते शब्द शिव्यांत मोडतात. शीची जागा म्हणावं तर ते बाळबोध. नवऱ्याने पीथमपूरच्या कारखान्यात रजेचा अर्ज दिला त्यात "पोटाचा विकार" लिहिलं. नातेवाइकांना सासूबाईंनी आतड्याला पीळ पडल्याचं सांगितलं. या शब्दांच्या भानगडीत दोन महिने गेले, असं मी म्हणते. नवरा म्हणतो पैशांमुळे गेले. दोन्ही खरं.

कारण दुसरे डॉक्टर, ज्यांना दोष बरोबर कळला, त्यांनी सांगितलं की वर्षाची होऊ द्या, वजन वाढू द्या, तोवर शी पातळ राहायचं औषध द्या. आम्हाला बरंच वाटलं. खासगीतला खर्च आवाक्याबाहेर होता, आयुष्मान कार्डाची यादी २०११ च्या सर्वेक्षणावर बेतलेली, त्यात आमचं नाव नव्हतं. नवरा कंत्राटी कामगार, माझ्या शिकवण्या. वर्षाची होईपर्यंत काहीतरी जमवू, असा हिशेब. पण त्या दोन महिन्यांत शी आत साठत गेली. पोटावर हात ठेवला की डावीकडे कणकेच्या गोळ्यासारखं काहीतरी लागायचं.

जानेवारी २०२० मध्ये सरकारी रुग्णालयाच्या लहान मुलांच्या सर्जरीच्या ओपीडीत गेलो. सकाळी साडेसातला पर्चीच्या रांगेत, नंबर आला साडेबाराला. सर्जन तरुण होते. टेबलावर लेकीला झोपवलं, ती अर्थातच भोकाड पसरून रडायला लागली, आणि ते मला म्हणाले, "रोने दीजिए, अब देखिए." त्यांनी त्या खळीकडे बोट केलं. रडताना ती खळी आकसत होती. हुंदक्यागणिक, डोळा मिचकावावा तशी. "मांसपेशी है. काम कर रही है. बस रास्ता उसके बीच से नहीं गया." आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्या जागेबद्दल माझ्याशी साध्या आवाजात बोललं. मी रडले नाही, पण लंगोट बांधताना हात थरथरत होते.

मग तपासण्या. हा दोष कधीकधी एकटा येत नाही, म्हणून हृदयाचा इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी, पाठीच्या कण्याचा आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीचा एक्स-रे. त्रिकास्थीचं हाड चांगलं असेल तर पुढे शीवर ताबा येण्याची आशा जास्त, असं त्यांनी सांगितलं. तिचं चांगलं होतं. बाकीही सगळं ठीक निघालं. या चार तपासण्यांना अकरा दिवस लागले, त्यातले तीन फेरे फक्त "कल आना" ऐकायला.

पर्चीच्या मागच्या बाजूला त्यांनी चित्र काढून तीन टप्पे समजावले. आधी पोटावर शीची वाट काढायची, कोलोस्टॉमी. मग खालची मुख्य शस्त्रक्रिया. ती भरून आली की पोटावरची वाट बंद. मी विचारलं, एकाच वेळी नाही का होणार? ते क्षणभर थांबले. म्हणाले, पहिल्या महिन्यात आली असती तर बहुतेक एकातच झालं असतं. आता आतडं फुगलंय, शी भरलीय, सरळ खाली टाके घातले तर ते उसवतील. म्हणजे आमच्या उशिराने दोन जादा ऑपरेशनं विकत घेतली होती.

कोलोस्टॉमी जानेवारीच्या शेवटी झाली. पोटावर डावीकडे दोन छोटी तोंडं, लाल, ओलसर, ओठांचा आतला भाग असतो तशी. एकातून शी, दुसऱ्यातून नुसता चिकट स्राव. नर्सने सांगितलं, लाल आहे तोवर फिकीर करू नका, काळी पडली तर पळत या. हात लावला तर तिला दुखत नाही हे मला किती तरी दिवस खरं वाटत नव्हतं.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर अलीराजपूरकडची एक भिलाला आदिवासी बाई होती. तिचा मुलगा तीन वर्षांचा, पोटावर थैली. जन्मल्यावर चौथ्या दिवशी पोट ढोलासारखं झालं तेव्हा इंदूरला आणला, वाट काढली, जीव वाचला. पुढच्या ऑपरेशनची तारीख आली तेव्हा ही मंडळी गुजरातेत बांधकामावर. परत आले तर कागद पावसात भिजलेले. पुन्हा तपासण्या, पुन्हा तारीख, पुन्हा मजुरीचा हंगाम. ती माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलायची. "तीन बार ऑपरेशन, तीन बार मजूरी गई. आदमी की भी गई, मेरी भी." एवढंच तिचं गणित, आणि त्यात चूक काढायला जागा नाही. डॉक्टर लोक राउंडला "लॉस्ट टू फॉलो-अप" म्हणायचे. ती हरवली बिरवली नव्हती. वडोदऱ्याच्या कुठल्या तरी इमारतीवर विटा वाहत होती.

थैल्यांचं तंत्र तिनेच शिकवलं. विकतची थैली महाग, आणि तान्ह्या पोरांच्या पोटावर दीड दिवसात सुटते. ती जुन्या सुती लुगड्याचे तुकडे धुऊन, उन्हात वाळवून, घडी करून ठेवायची. भोवतीच्या कातडीला जस्ताचं मलम जाड थापायचं, वर कपडा, वरून सैल पट्टा. शी झाली की कपडा बदल. मी त्या वेळी तोंडदेखलं हो हो केलं. मनात म्हटलं, आपण थैल्या घेऊ.

मुख्य शस्त्रक्रियेची तारीख मिळाली मार्चच्या शेवटच्या आठवड्याची. २०२० चा मार्च. पुढचं सांगायलाच नको. इंदुरात सगळं बंद, कर्फ्यू, किराण्याची यादीसुद्धा पालिकेच्या माणसांकडे द्यायची. ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलली, किती पुढे ते कोणालाच माहीत नाही. एप्रिलमध्ये थैल्या संपल्या. मेडिकलवाला म्हणाला, माल मुंबईहून येतो, गाड्या बंद आहेत. आईच्या तीन जुन्या सुती साड्या त्या उन्हाळ्यात फाडल्या. अलीराजपूरवालीला मी मनातल्या मनात रोज नमस्कार करायचे. २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येणारं आमचं शहर. कर्फ्यूतही कचरागाडी चुकली नाही, आणि ओला, सुका, तिसऱ्या डब्यात लंगोट-पॅड. गाडीवरच्या बाईने एकदा विचारलंच, "इत्ते कपड़े? घर में कौन बीमार है?" मी तिला सगळं सांगितलं. सासूबाई खिडकीत होत्या. त्या दिवशी "तिकडे" हा शब्द निम्मा गळाला.

मे महिन्यात एका दुपारी लेक खोकत होती, आणि कपडा बदलायला उघडला तर लाल तोंडातून आतडं बाहेर आलेलं, माझ्या हाताच्या अंगठ्याएवढं, आणि सुजत चाललेलं. नवरा घरी, रस्त्यावर पोलीस, रुग्णालयात कोविड. सर्जनना फोन लागला हे नशीब. त्यांनी पहिलं विचारलं, रंग? गुलाबी, मी म्हटलं. काळा-निळा नाही ना? नाही. मग म्हणाले, लिटा दीजिए, और शक्कर है घर में? मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. साखर! ओल्या कपड्यावर नाही, थेट त्या सुजलेल्या आतड्यावर पसरायची. साखर पाणी ओढून घेते, सूज उतरते. मी डब्यातली साखर मुठीने पसरली, नवरा तिच्यापुढे खुळखुळा वाजवत बसला, सर्जन फोनवर. पंचवीस मिनिटांत साखरेचा पाक झाला आणि आतडं आपणहून आत सरकायला लागलं. ते फोनवर नसते तर मी हे कधीच केलं नसतं, आणि कोणी ऐकून करूही नये. पण त्यानंतर कित्येक दिवस मला चहात साखर घालवेना.

मुख्य शस्त्रक्रिया अखेर नोव्हेंबर २०२० मध्ये झाली. उष्टावणाला वर्ष होऊन गेलेलं. या शस्त्रक्रियेची पद्धत मेक्सिकोतल्या आल्बेर्तो पेन्या यांनी १९८० मध्ये सुरू केली असं सर्जननी सांगितलं. बाळाला पालथं ठेवून बरोबर मधल्या रेषेत उघडतात. विजेचा बारीकसा स्पर्श देऊन स्नायू कुठून कुठपर्यंत आकसतो ते बघतात आणि आतड्याचं टोक भलत्या जागेवरून सोडवून त्या स्नायूच्या मधोमध आणून बसवतात. ती रडताना मिचकावणारी खळी मला आठवत होती. साडेतीन तास आम्ही जिन्यावर बसून होतो. मास्क लावून, दोन पायऱ्या सोडून एकेक माणूस, प्रत्येकाच्या हातात एक्स-रेचं पाकीट.

त्यानंतरचा भाग मी कोणाला सांगत नाही, कारण ऐकणारा कसनुसा होतो. नवी जागा आकसून बंद होऊ नये म्हणून दोन आठवड्यांनी डायलेशन सुरू करतात. गुळगुळीत स्टीलच्या सळ्या, त्यांचे नंबर म्हणजे मिलिमीटरमधली जाडी. पहिल्यांदा डॉक्टर करून दाखवतात, मग घरी आईने करायचं. दिवसातून दोनदा, रोज. दर आठवड्याला नंबर एकाने वाढवायचा. आमचं दहावरून सुरू झालं, पंधरापर्यंत जायचं होतं. अख्खा सेट महाग, म्हणून ओपीडीतल्या आम्ही चार जणींनी वाटून घेतला. जिचा बारा झाला तिने पुढचीला द्यायचा, उकळून, स्वच्छ रुमालात गुंडाळून. स्टेशनजवळ, भर चौकात, आम्ही स्टीलच्या सळ्या अशा देत-घेत होतो की बघणाऱ्याला वाटावं काहीतरी दोन नंबरचं चाललंय.

सकाळी सात आणि संध्याकाळी सात. ती माझ्या हातात रुमाल बघितला की पलंगाखाली जायची. आई रामबागेतून रोज यायची, रिक्षाचे पैसे वाचवायला चालत. ती लेकीचे गुडघे छातीशी धरून बसायची आणि रामरक्षा म्हणायची, मोठ्याने, रडण्याच्या वर आवाज चढवून. मी जेली लावायचे, सरकवायचे, मनात तीसपर्यंत मोजायचे. दाईच्या गोष्टीबद्दल आई आणि मी कधी बोललो नाही. ती फक्त एक दिवस चुकली नाही. तीन महिने.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पोटावरची वाट बंद केली. आता सुटलो असं वाटलं, तर खालची कातडी, जिला शीची सवयच नव्हती, ती सोलवटून निघाली. दोन आठवडे उघडं ठेवून, मलम थापून ते आटोक्यात आलं. त्यानंतर राहिलं ते बद्धकोष्ठ, जे अजून आहे. या प्रकारच्या मुलींना बहुतेक वेळा ताबा येतो, पण बद्धकोष्ठ पिच्छा पुरवतं, आणि उशिरा आलेल्यांचं आतडं ताणलेलं म्हणून जास्तच. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं कमोडवर, पायाखाली पाट, हातात गोष्टीचं पुस्तक. पपई, मनुका, रोजचं औषध, कधी आठवडा बिघडला तर एनिमा. साडेतीन वर्षांची असताना पहिल्यांदा आपणहून सांगितलं, "आई, शी." मी भाजी करपवली. शाळेच्या दप्तरात एक चड्डी जादा असते आणि बाईंना का ते माहीत आहे. पुढे पाळी येईल, बाळंतपण येईल, तेव्हा डॉक्टरांना हे ऑपरेशन सांगावं लागेल, म्हणून सगळे कागद एका फाइलमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत. भिजू नयेत.

पोटावरच्या वणाला ती "माझा झिप" म्हणते.

२०२४ च्या पावसाळ्यात भावजय बाळंत झाली. मुलगीच. खासगी दवाखाना, गुलाबी दुपटं, आम्ही सगळे खाटेभोवती. नर्सने बाळ माझ्या आईच्या हातात दिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने पर्समधून चष्मा काढला. बाळाला पलंगावर ठेवलं, दुपटं सोडलं, व्याह्यांच्या देखत दोन्ही पाय एका हातात वर धरले आणि खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, काय करताय?"

"शीची जागा बघतेय," आई म्हणाली. सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "आहे."